खिडकी कुणाची? ओपन सीटिंगच्या विमानातली रांग आणि तिचे रीतिरिवाज

२७ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सने प्रवाशांना सीट नंबर द्यायला सुरुवात केली. यात बातमी ती काय, असं वाटेल. विमानाच्या तिकिटावर सीट नंबर असायचाच. पण ही कंपनी १९७१ पासून, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं, सीट नंबर न देता विमानं उडवत होती. दारातून आत शिरा आणि रिकामी दिसेल त्या जागेवर बसा, एवढाच कारभार. रांगेत कुठे उभं राहायचं, कुणाला पुढे सोडायचं, मागून येणाऱ्या बायकोसाठी शेजारची सीट अडवली तर चालतं का, यावर तिथे इतकी वर्षं हमरीतुमरी चालली होती.

कोकणातल्या माणसाला हे वाद नवे नाहीत. मांडव्याची लाँच असो की दिवा-सावंतवाडीचा जनरल डबा, आपण जन्मभर जागा धरतच प्रवास केला आहे. विमान मात्र नवं. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातला मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये आणि रायगडातला नवी मुंबईचा डिसेंबर २०२५ मध्ये. त्यामुळे घरातली पहिल्यांदाच विमानात बसणारी मंडळी आता एक रास्त प्रश्न विचारतात: सीट ठरलेली असताना हे सगळे गेटपाशी अर्धा तास आधीपासून उभे कशाला? या प्रश्नाचं उत्तर सीट न ठरलेल्या विमानाकडे पाहिलं की चांगलं कळतं.

## ओपन सीटिंग म्हणजे नेमकं काय

तिकीट घेतलं की बसायला जागा नक्की मिळणार, कोणती ते मात्र ठरलेलं नाही. हे झालं ओपन सीटिंग. जनरल डब्याशी याची गल्लत करू नये. जनरलच्या तिकिटात बसायला मिळेल याचीच हमी नसते, म्हणून तिथली धक्काबुक्की जिवावर बेतल्यासारखी असते. विमानात कुणी उभ्याने जात नाही. तिथे पणाला काय लागतं? खिडकी, बरोबरच्या माणसाशेजारची सीट आणि डोक्यावरच्या कप्प्यात बॅगेपुरती जागा.

साउथवेस्टकडे सगळी विमानं बोइंग ७३७ जातीची. मधे एक वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट्स. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा प्रवाशांच्या वाट्याला मधली सीट येणारच. ती कुणालाच नको असते. रांग ठरवते ती एवढंच: मधे कोण अडकणार.

हा प्रकार आपल्या देशातही होऊन गेला आहे. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली तेव्हा तिच्या विमानांत सीट नंबर नसायचे. बसमधून उतरलेली माणसं शिडीकडे धावत सुटायची. पहिल्यांदा विमान पाहणारी आजी आणि लॅपटॉपवाला साहेब एकाच वेगाने पळताहेत, हे दृश्य भारतीय विमानतळांवर फार वर्षं टिकलं नाही. युरोपातही इझीजेटने २०१२ मध्ये आणि रायनएअरने २०१४ मध्ये नंबर द्यायला सुरुवात केली. साउथवेस्ट तेवढी टिकून राहिली.

## कंपनीला यातून काय मिळत होतं

वेळ. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा नुसता खर्च होतो, कमाई होते ती हवेत. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतच्या वेळाला या धंद्यात टर्नअराउंड म्हणतात. १९७२ मध्ये साउथवेस्टकडे चार विमानं होती आणि पैशांची तंगी होती. एक विमान विकावं लागलं. उरलेल्या तिनांत चार विमानांचं वेळापत्रक चालवायचं, तर प्रत्येक ठिकाणी विमान दहा मिनिटांत रिकामं करून, भरून पुन्हा निघायला हवं. हे त्यांनी करून दाखवलं.

त्यात ओपन सीटिंगचा हातभार मोठा होता. नंबर शोधत वाटेत थांबणारा माणूस नाही. ‘माफ करा, ही सीट माझी आहे’ म्हणून बसलेल्याला उठवणं नाही. आणि एक मजेशीर गोष्ट: चांगली जागा हवी असेल तर वेळेवर या, हे प्रवाशांना सांगावं लागत नाही. ते आपणहून गेटपाशी येऊन उभे राहतात.

## रांग जमिनीवरून फोनवर गेली

पूर्वी साउथवेस्टमध्ये अ, ब, क असे तीन गट असायचे, पण गटाच्या आत नंबर नव्हते. ‘अ’ गटाचे लोक आधी जाणार, आणि त्यांच्यात जो पुढे उभा तो पहिला. परिणाम ठरलेला. माणसं तासतासभर आधी येऊन गेटसमोर जमिनीवर बसकण मारायची, बॅगांची रांग लावून कॉफी आणायला जायची, आणि परत आल्यावर बॅग कुणी सरकवली म्हणून भांडायची.

२००७ च्या अखेरीस कंपनीने प्रत्येक गटात १ ते ६० असे नंबर दिले. ‘अ-१’ सगळ्यांत आधी, मग क्रमाने पुढचे. त्यांच्या ७३७-८०० विमानात १७५ सीट्स, त्यामुळे तीन साठांत सगळे मावतात. जास्तीचे पैसे न भरणाऱ्याला हा नंबर विमान सुटण्याच्या चोवीस तास आधी चेक-इन केल्यावर मिळायचा. बरोबर त्या मिनिटाला फोन हातात घेऊन बसणारे लोक होते, आपल्याकडे गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडताना घरोघरी बसतात तसेच.

या बदलाने रांग नाहीशी झाली नाही. फक्त तिच्यात उभं राहणं संपलं. तुमचा क्रम आदल्या दिवशीच लागलेला, मग गेटवर एक तास आधी या नाहीतर दहा मिनिटं आधी, फरक शून्य. गेटपाशी आकडे लिहिलेले खांब असायचे: १ ते ५, ६ ते १०, असे. आपल्या आकड्याच्या खांबापाशी जायचं, शेजारच्याला ‘तुमचा किती?’ एवढं विचारायचं आणि त्याच्या पुढे किंवा मागे उभं राहायचं. पाच जणांच्या आत एखादा पुढे-मागे झाला तर शहाणी माणसं काही बोलत नसत. चौतीस नंबरच्याने पस्तीसवाल्याशी भांडून मिळणार काय?

‘पण मी आधी आलो होतो’ हा आपला हुकमी युक्तिवाद इथे चालत नसे. आधी येणं आणि आधी नंबर लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ब-२०’ वाला दोन तास आधी येऊन खांबाला टेकून उभा राहिला तरी ‘अ’ गट संपेपर्यंत त्याला आत सोडत नसत. उलट, ‘अ’ गटातला एखादा धापा टाकत उशिरा आला तर त्याला चाललेल्या गटातच आत जाता यायचं. त्याला घुसखोर म्हणायचं नाही. मात्र त्याने कोपर न मारता, नंबर दाखवून, ‘जाऊ का?’ विचारून जावं.

## रुमाल टाकावा का?

आता खरा वादाचा मुद्दा. एसटी थांब्याला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत पडतो. रुमाल नसेल तर छत्री, पिशवी, टोपी. दारातून चढून आत येईपर्यंत सीटवर आपलं राज्य प्रस्थापित झालेलं असतं. दुसरा कुणी बसायला गेला की मागून आवाज येतो, ‘ओ, हय माणूस येवचो आसा!’ तो माणूस बऱ्याचदा अजून बाजारात वांगी निवडत असतो.

साउथवेस्टच्या विमानातही अगदी हेच व्हायचं. नवरा ‘अ-१८’, बायको ‘क-५’. नवरा आधी आत जातो, खिडकीत बसतो आणि शेजारच्या सीटवर जाकीट ठेवतो. साउथवेस्टने असं जागा धरणं चालतं की चालत नाही, याचा स्पष्ट नियम कधी केलाच नाही. हवाई सुंदऱ्यांना आणि इतर कर्मचाऱ्यांना त्या भांडणात पडायचं नसायचं; रिकामी सीट दिसेल तिथे बसा, इतकंच ते म्हणायचे. नियम नसला की रीत तयार होते, तशी इथेही झाली. मागच्या रांगांमधली एखादी मधली सीट धरली तर कुणी हरकत घेत नसे. पुढच्या रांगेतल्या सीट्स, किंवा संकटकाळच्या दाराजवळची पाय पसरता येणारी सीट धरली, तर मात्र वाद होणार हे नक्की. आणि अख्खी रांग धरणाऱ्याला कुणाचीच सहानुभूती नाही.

ही रीत मला न्याय्य वाटते, आणि तिच्यामागे हिशेब आहे. ‘क-५’ साठी धरलेली सीट फुकट मिळत नाही. तिची किंमत ‘अ-१९’ पासून ‘क-४’ पर्यंतच्या माणसांपैकी कुणीतरी चुकवतो. मागची मधली सीट त्यांच्यापैकी कुणालाच नको होती, म्हणून तिची किंमत जवळजवळ शून्य. पुढची खिडकी शंभर जणांना हवी होती. रुमाल तोच, पण तो कुठे पडला यावर तो सोय आहे की दांडगाई, हे ठरतं.

‘पण मी माझ्या बायकोशेजारी बसू नये का?’ जरूर बसावं. त्यासाठी दोघांपैकी ज्याचा नंबर मागचा आहे त्याच्याबरोबर मागे उभं राहावं. मागे सरकायला कुणाचीच ना नसते. पुढच्याने मागच्याला ओढून घेतलं की मधल्यांना त्रास होतो. मागच्यासाठी पुढचा मागे आला तर मधले सगळे एक-एक पाऊल पुढे सरकतात. इतकी साधी गोष्ट लोकांना पटत नाही, कारण तिच्यात स्वतःची खिडकी सोडावी लागते.

आणि समजा, कुणीतरी जाकीट ठेवून बसला आहे आणि तुम्हाला तिथे बसायचं आहे. ‘इथे कुणी बसलंय का?’ असं विचारावं. ‘बसलंय’ आणि ‘बसणार आहे’ यांतला फरक ऐकून घ्यावा. बसणार असेल तरी तुम्हाला बसायचा हक्क आहे, पण पुढचे दोन तास त्या गृहस्थाच्या शेजारी काढायचे आहेत, हाही विचार करावा. मी तरी पुढे जाईन.

## लेकुरवाळ्या आणि व्हीलचेअर

सहा वर्षांपर्यंतचं मूल बरोबर असेल तर साउथवेस्टमध्ये ‘अ’ गट संपल्यावर आणि ‘ब’ सुरू होण्याआधी आत सोडत. सगळ्यांच्या आधी का नाही? कारण ‘अ’ मधल्या अनेकांनी पुढच्या नंबरासाठी जादा पैसे भरलेले असत. आणि सवलत मुलासोबतच्या एक-दोन मोठ्या माणसांना, काका-मामा-आत्या धरून साऱ्या वऱ्हाडाला नव्हे. एक तान्हं मूल पुढे करून नऊ जण आत जायची कला फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

आपल्याकडे मुलांचा प्रश्न डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाशेजारी सीट द्यायलाच हवी. त्यामुळे सीटचे पैसे भरले नाहीत तर लेकरू दहा रांगा पलीकडे बसेल, ही भीती आता बाळगू नये.

व्हीलचेअरचा विषय नाजूक आहे. चालायला त्रास असणाऱ्यांना सगळ्यांच्या आधी सोडतात, ते योग्यच आहे. ओपन सीटिंगमध्ये याचा गैरफायदाही घेतला जायचा: चढताना चाकाच्या खुर्चीत आणि उतरताना ताडताड चालत बाहेर. अमेरिकेत यावर पुष्कळ विनोद झाले. पण हृदयाचा, फुप्फुसाचा, गुडघ्याचा त्रास रांगेतून पाहणाऱ्याला दिसत नाही. उतरताना बाकीचे गेल्यावर सावकाश बाहेर पडता येतं, म्हणून चढताना खुर्ची लागलेला माणूस उतरताना चालू शकतो. शंका कर्मचाऱ्यांनी घ्यावी, रांगेतल्यांनी नाही. अशा प्रवाशांना संकटकाळच्या दाराजवळ मात्र बसू देत नाहीत, कारण वेळ आली तर ते दार उघडणं हे तिथे बसणाऱ्याचं काम असतं.

## पैसे देऊन पुढे जाणं बरं दिसतं का?

दिसायला बरं दिसत नाही, पण उघड आहे. किंमत लिहिलेली असते आणि ज्याला हवं तो भरतो. न बोलता कोपराने पुढे जाण्यापेक्षा हे परवडलं. कंपनीचं गणितही शेवटी इथेच फिरलं. साउथवेस्टने २०२४ च्या जुलैमध्ये सीट नंबर देण्याचा निर्णय जाहीर करताना सांगितलं की त्यांच्या ८० टक्के प्रवाशांना ठरलेली सीट हवी आहे. ते खरंच असेल. शिवाय नुसता रांगेतला नंबर विकण्यापेक्षा पाय पसरायची सीट विकली तर जास्त पैसे येतात, हेही खरं.

## मागच्या रांगा आधी भरल्या तर पटकन होणार नाही का?

हे इतकं उघड वाटतं की तपासून पाहावं असं कुणाच्या मनात येत नाही. जेसन स्टेफन नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये यावर गणित मांडलं आणि पुढे विमानाच्या नकली सांगाड्यात ७२ जणांना वेगवेगळ्या पद्धतींनी चढवून घड्याळ लावलं. मागून पुढे भरायला सहा मिनिटांहून जास्त लागली. कसलाही क्रम न ठेवता, येईल तो आपल्या सीटवर जाऊ दिला, तर पाच मिनिटांच्या आत काम झालं.

कारण सीटपर्यंतच्या चालण्यात नाही, बॅग वर चढवण्यात आहे. मागच्या चार रांगांतली चोवीस माणसं एकदम सोडली की ती सगळी एकाच जागी वाट अडवून बॅगा चढवू लागतात आणि त्यांच्यामागची माणसं दारापर्यंत ताटकळतात. विस्कळीत सोडली की एक पाचव्या रांगेत बॅग चढवतो, दुसरा पंधराव्या, तिसरा पंचविसाव्या. तिघांचं काम एकाच वेळी होतं. स्टेफनची स्वतःची पद्धत, खिडकीवाले आधी आणि तेही एक रांग सोडून, साडेतीन मिनिटांच्या आसपास संपली. पण बायको खिडकीत, नवरा मधे, पोरगं वाटेकडे, आणि तिघांना वेगवेगळ्या वेळी आत सोडायचं, हे कुठल्या गेटवर शक्य आहे? अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये खिडकी, मधली, वाट हा त्यातला सोपा भाग तेवढा पुन्हा सुरू केला, आणि एका तिकिटावरच्या कुटुंबाला त्यातून सूट दिली.

चिपीला ज्या विमानाने सुरुवात झाली, त्या एटीआर-७२ ची गोष्ट आणखी निराळी. छोटं, पंख्यांचं विमान. त्यात प्रवाशांचं दार मागच्या बाजूला, शेपटाजवळ असतं. म्हणजे पहिल्या रांगेतल्या माणसाला सगळं विमान ओलांडून पुढे जावं लागतं. तिथे ‘माझी सीट पहिल्या रांगेतली, मी सावकाश येतो’ म्हणणारा सगळ्यांच्या गुडघ्यांना बॅग लावत जातो. एटीआरमध्ये लहान आकड्याच्या रांगांनी आधी जावं.

## मग सीट ठरलेली असताना उभे का राहतात?

बॅगेसाठी. सीटला नंबर आला, पण डोक्यावरच्या कप्प्याला आला नाही. तो अजूनही ओपन सीटिंगच आहे. आपल्याकडे देशांतर्गत विमानांत सात किलोंची एक हातातली बॅग सर्रास चालते, आणि त्यात लॅपटॉपची वेगळी पिशवी, विमानतळावरच्या खरेदीची पिशवी, मे महिन्यात आंब्याची पेटी. मागे चढणाऱ्याची बॅग मग दहा रांगा मागे ठेवावी लागते आणि उतरताना तिच्यासाठी उलटं पोहावं लागतं. साउथवेस्टनेही मे २०२५ अखेर सामानाचे पैसे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे लोक बॅगा खाली न देता हातात घेणार हे ओघाने आलं.

तेव्हा गेटपाशी उभा असलेला माणूस वेडा नसतो, त्याच्याकडे बॅग असते. ज्याच्याकडे फक्त खांद्यावरची पिशवी आहे आणि ती पायापाशी मावते, त्याने खुशाल शेवटपर्यंत बसून चहा प्यावा. कप्प्यात बॅग आडवी न ठेवता उभी ठेवावी, जाकीट तिच्यावर मागाहून टाकावं, आणि आपल्या डोक्यावरचाच कप्पा वापरावा. विसाव्या रांगेत बसायचं आणि बॅग तिसऱ्या रांगेवर टाकून पुढे चालायचं, हा रुमालाचाच नवा अवतार आहे. फरक इतकाच की हा दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो.

## जनरलच्या डब्याला हे करता येईल का?

थोडंफार करून झालं आहे. २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रल आणि वांद्रे टर्मिनसला बोटाचा ठसा घेऊन अनुक्रमांकाचं टोकन देणारी यंत्रं बसवली. टोकन घ्यायचं, हवं तिकडे जायचं आणि गाडीच्या वेळी आपल्या आकड्याला येऊन उभं राहायचं. साउथवेस्टच्या खांबांमागची कल्पना हीच. ठसा घेण्यामागे आणखी एक हेतू होता: आधी घुसून जागा धरायची आणि पैसे घेऊन दुसऱ्याला विकायची, हा धंदा एका बोटाला एकच टोकन मिळालं की बसतो.

गणपतीच्या आधी दिव्याला पहाटेपासून पोरंबाळं घेऊन रांगेत बसलेल्यांसाठी अशी टोकनं द्यायला हवीत, असं माझं मत आहे. पण ती उपयोगाची गाडी जिथून सुटते तिथेच. परतीला कुडाळच्या फलाटावर कुणाला पहिला नंबर मिळाला तरी जनरल डबा कुठे थांबेल हे गाडी आल्याशिवाय कळत नाही, आणि आत सावंतवाडीहून बसून आलेली माणसं खिडक्या धरून बसलेलीच असतात. ज्यांना हे ठाऊक आहे ते कुडाळहून उलटे सावंतवाडीला जातात आणि तिथून गाडीत बसतात.